इन्सब्रुकला रोपवे बंद होता तो दिवस

ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. सकाळी उजाडताच हॉटेलच्या खिडकीचा पडदा सारला आणि समोरचा डोंगर अंगावरच आला. ऑक्टोबर संपत आला होता, दिवाळीची टूर होती, आणि बाहेर चक्क उकडत होतं. डोंगरावरचा एकेक कडा, एकेक घळ इतकी लख्ख दिसत होती की हात लांबवला तर लागेल. मी खूश झाले. अकरा वर्षं युरोपात ग्रुप फिरवतेय, तरी खूश झाले, हे लिहिताना आता लाज वाटते.

खाली रिसेप्शनवरच्या बाई कपाळ चोळत बसल्या होत्या. मी म्हटलं, काय सुरेख दिवस उजाडलाय! त्या एकच शब्द बोलल्या. "फ्योन."

फ्योन म्हणजे आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून येणारा वारा. पलीकडे इटलीच्या अंगाला पाऊस टाकून मोकळा होतो आणि अलीकडे उतरताना दर १०० मीटरला साधारण एक अंश तापत येतो. सह्याद्री कोकणात पाऊस ओतून घेतो आणि माण-खटाव कोरडं राहतं, त्याच जातीचा हा प्रकार. फक्त इथे वाऱ्याला ब्रेनरची खिंड सापडते आणि तो तिच्यातून नळीत फुंकर मारावी तसा थेट इन्सब्रुकवर येतो. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, डोंगर जवळ सरकतात, गावातल्या निम्म्या लोकांचं डोकं चढतं. आणि रोपवे बंद पडतो.

आता माझा त्या दिवसाचा सगळा डोलारा रोपवेवरच उभा होता, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये इन्सब्रुकच्या वाट्याला दोन तास येतात. इटलीतून स्वित्झर्लंडकडे जाताना वाटेत थांबायचं, वाटेन्सला स्वारोव्स्कीचं क्रिस्टल वर्ल्ड करायचं, गोल्डन रूफसमोर फोटो काढायचे, एखादी फ्रिजवर लावायची गाय घ्यायची, चला बसा. त्या वर्षी मी ऑफिसशी भांडून पूर्ण दिवस मागून घेतला होता. सकाळी नॉर्डकेटे, म्हणजे खिडकीसमोरचा तोच डोंगर, दुपारी जुनं गाव, संध्याकाळी वाटेन्स. नॉर्डकेटेची गंमत अशी की शहर ५७४ मीटरवर आहे, आणि भर शहरातून निघालं की फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) आणि रोपवेचे दोन टप्पे बदलत हाफेलेकारला, २२५६ मीटरवर पोचता येतं. ग्रुपला मी आठ दिवस हेच ऐकवत होते. लहान मुलांना तर बर्फाचं वचन दिलं होतं. टूर मॅनेजरनं बर्फाचं वचन कधी देऊ नये.

त्यात ड्रायव्हर नव्हता. म्हणजे होता, पण झोपलेला. आदल्या रात्री ब्रेनरच्या हायवेवर गाड्यांची रांग लागली आणि आम्ही हॉटेलला पोचलो १०:२० ला. ड्रायव्हरला ११ तास विश्रांती लागते. ती ठरावीक वेळा ९ तासांवर आणता येते, पण आमच्या राजेसाहेबांची ती सवलत तोवर वापरून झाली होती. त्यानं रात्रीच घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, "९:२०. नो मूव्ह." गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं, दंड त्याला बसतो. त्यामुळे ४३ माणसं घेऊन मी सकाळी ट्रामनं निघाले. पुण्या-मुंबईच्या माणसाला ट्राममध्ये चढायला सांगावं लागत नाही. उतरायला सांगावं लागतं.

फ्युनिक्युलरच्या काँग्रेस स्टेशनवर पोचलो तर पाटीवर लाल अक्षरं. वरचे दोन्ही टप्पे वाऱ्यामुळे बंद.

"मग आम्ही पैसे कशाचे भरलेत?" मागच्या सीटवरच्या काकांनी सुरुवात केली. दरवेळी एक काका असतात. मी ऑफिसला फोन लावला. तिकडे दुपारचे साडेबारा वाजले होते, जेवणाची वेळ. "ग्रुपला काहीतरी करून एंगेज ठेवा," एवढं मार्गदर्शन मिळालं. बरं तर बरं, नॉर्डकेटेची तिकिटं मी कधीच आदल्या दिवशी काढत नाही, सकाळी वरचा कॅमेरा बघून खिडकीवरच काढते. म्हणून पैसे तरी अडकले नाहीत. फ्युनिक्युलर मात्र चालू होती. ती रुळांवरून जाते, तिला वाऱ्याचं फारसं सोयरसुतक नाही.

तेवढ्यावर भागवलं. वास्तुविशारद झाहा हदीदनं केलेली ही स्टेशनं २००७ साली उघडली. छपरं अशी की वितळता वितळता बर्फ पुन्हा गोठावा. इन नदी ओलांडून गाडी आठेक मिनिटांत हुंगरबुर्गला, ८६० मीटरवर पोचते. तिथून समोर सगळं शहर, विमानतळाची धावपट्टी, आणि पलीकडच्या टेकडीवर बेर्गइझेलचा स्की जंप, तोही हदीदचाच. १९६४ आणि १९७६, दोन हिवाळी ऑलिम्पिक या एवढ्याशा गावानं भरवली. वारा असा की काकूंच्या ओढण्या आडव्या. मुलांनी बर्फाबद्दल विचारलं. मी वर बोट दाखवलं. वर होता.

साडेदहा वाजले आणि माझ्या हातात मोकळे साडेतीन तास. लोकल गाइड दोनला यायच्या होत्या. ऑस्ट्रियात परवाना असलेला गाइडच लागतो, टूर मॅनेजरनं चौकात उभं राहून इतिहास सांगायचा नसतो. मी त्यांना फोन करून अकराला या म्हणून विनवलं. आल्या बिचाऱ्या, साठीच्या, चालण्याचे बूट, आणि डोकं दुखत असल्याचं आल्या आल्या सांगून टाकलं.

आता अण्णांबद्दल. अण्णा लेक, जावई आणि नातवाबरोबर आले होते. वय ७४, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. सगळा जन्म हातोडीच्या आवाजात गेल्यामुळे ऐकू कमी यायचं, आणि कानाचं मशीन कायम खिशात. रोममध्ये, फ्लॉरेन्समध्ये, व्हेनिसमध्ये, प्रत्येक ठिकाणी मी त्यांची वाट पाहिली होती. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी फुली मारून ठेवली होती. त्या फुलीचा अर्थ 'उशीर'. ते काय बघत मागे राहतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

गोल्डन रूफ म्हणजे पहिल्या नजरेला फसवणूकच. लोकांना वाटतं राजवाड्याचा घुमट असेल. निघते एक सज्जावरची छोटीशी उतरती पडवी. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियननं बांधून घेतली, १५०० साली पुरी झाली, खाली चौकात चाललेले खेळ तिथे बसून बघायला. वरच्या कोरीव पट्टीत मॅक्सिमिलियन दोन बायकांसह आहे, यावर ग्रुपमध्ये नेहमीचा विनोद झाला. पहिली बायको घोड्यावरून पडून वारली होती, दुसरी मिलानची, असं गाइडबाईंनी सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे २६५७ पत्रे आहेत. मी मराठीत सांगितलं. 'तांब्याचे' हा शब्द अण्णांना बरोबर ऐकू आला.

"पाऱ्यानं दिलाय का मुलामा?" ते मागून म्हणाले.

मी विचारलं. गाइडबाईंना इंग्रजी शब्द पटकन सापडेना, त्या म्हणाल्या, आगीनं देतात तो. अण्णांनी मान हलवली आणि मला समजावून सांगितलं, तिला सांग म्हणून. "सोनं पाऱ्यात विरघळवायचं. लोण्यासारखं होतं. ते तांब्यावर माखायचं आणि भट्टीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं बसतं. कळसाला असंच करायचे. पण ती वाफ वाईट. कारागीर लवकर जायचा." मग वर बघत राहिले. पाचशे वर्षांत पत्र्यांचा रंग उतरला नव्हता आणि त्या धुतलेल्या हवेत, वाऱ्यानं आभाळ मोकळं केलेलं असताना, एकेक पत्रा वेगळा दिसत होता. ढगाळ दिवशी हे छप्पर मी पंचवीस वेळा तरी पाहिलंय. पिवळं दिसतं, बस.

गाइडबाईंनी विचारलं, यांना कसं ठाऊक? अण्णांनी पिशवीतून त्यांचा तांब्या काढला. प्रवासात पाण्याची बाटली नव्हे, तांब्या, वर वाटी बसवलेली. अंगभर मठारकाम, हातोडीचे एकसारखे गोल ठसे, ओळीत ओळ. बाईंनी तो हातात घेऊन उन्हात फिरवला. अण्णा म्हणाले, "हे नक्षीसाठी नाही. ठोकलं की पत्रा कडक होतो. दिसायला चांगलं दिसतं ते वरकड." बाईंनी पहिल्यांदाच डोकेदुखी विसरून विचारलं, एवढ्याला किती घाव? अण्णा हसले. "मोजले तर काम होत नाही." मग त्यांनी जवळच्या कारंजावर तांब्या भरून घेतला. या गावाचं पाणी नॉर्डकेटेच्या पोटातल्या झऱ्यातून येतं, नळाला तोंड लावून प्यावं इतकं चांगलं; आमची माणसं मात्र तीन युरोची बाटली विकत घेतात.

तिथून होफकिर्खे. प्लॅनमध्ये हे चर्च नव्हतंच, मी ते मोकळे तास भरायला घातलं. आत मधोमध मॅक्सिमिलियनची संगमरवरी समाधी आणि दोन्ही बाजूंना काशाचे २८ पुतळे, माणसापेक्षा मोठे, काळेभोर. गावातले लोक त्यांना 'काळी माणसं' म्हणतात, खरं तर त्यात आठ बायका आहेत. आणि समाधी रिकामी. सम्राट १५१९ साली वारला, त्याला पुरलंय व्हिएन्नाजवळ विनर नॉयश्टाटला. चर्च पुढे नातवानं बांधलं, ठरवलेल्या ४० पुतळ्यांपैकी २८ झाले. "मग आत कोण?" अण्णांनी विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी पुतळ्यांच्या रांगेकडे पाहिलं. "आणि हे सगळे कोणाची वाट बघतायत?"

एका राजाच्या पुतळ्याचा नको तो भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून लख्ख केलाय. गाइडबाई तिथून झपझप पुढे गेल्या, पण पोरांच्या नजरेतून काय सुटतंय.

बाहेर येऊन डोकी मोजली. ४२. पुन्हा मोजली. ४२. लेक म्हणाली, "अण्णा!" तोवर पाऊण वाजला होता, रेस्टॉरंटचं बुकिंग एकचं, काका घड्याळ दाखवत होते. मी तिकीट दाखवून परत आत धावले. मनात जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

अण्णा आर्थर राजाच्या पुतळ्यापाशी होते. चक्क गुडघ्यावर. शेजारी चर्चचा रखवालदार उकिडवा बसून मोबाइलच्या टॉर्चनं चिलखताच्या कडेवर उजेड पाडत होता. एकाला जर्मन येत होतं, दुसऱ्याला मराठी. अण्णा बोटांनी हवेत काहीतरी वळत होते, मग दोन्ही तळवे भरून ओतल्याची खूण. रखवालदारानं मान डोलावली आणि खिडकीबाहेर, नदीच्या पलीकडे हात केला. म्युलाऊ. तिथे या पुतळ्यांची ओतशाळा होती हे मला माहीत होतं. आर्थर मात्र न्यूरेंबर्गला ओतलेला, १५१३ सालचा. ते मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"ओतीव आहे," अण्णा मला म्हणाले. "आधी मेणाचा केला असणार. यात आपली हातोडी चालत नाही." मग, "थांबलेत का सगळे?"

मी म्हटलं, थांबलेत. बसा दोन मिनिटं.

दहा झाली. जेवण पावणेदोनला, पनीर गार. दुपारी मारिया-थेरेसियन रस्त्यानं चालत विजय-कमानीपर्यंत गेलो. १७६५ साली राजपुत्राच्या लग्नासाठी ती उभारत असताना ऐन सोहळ्यात बाप गेला. म्हणून कमानीच्या एका अंगाला लग्न कोरलंय आणि दुसऱ्या अंगाला सुतक. वाटेन्सला पोचायला उशीर झाला, तोंडातून पाणी टाकणारं हिरवं राक्षसाचं डोकं बघून मुलं बर्फ विसरली आणि बायकांनी दुकान बंद होईपर्यंत काउंटर सोडला नाही. फीडबॅक फॉर्मवर काकांनी लिहिलं, 'रोपवे नाही. पुतळे फार.' अण्णांचा फॉर्म लेकीनं भरला होता. सगळीकडे 'उत्तम'वर खूण, जेवणापुढे 'ठीक'.

माझ्या वहीत आता इन्सब्रुकचं पान वेगळं आहे. होफकिर्खेला एक तास, रोपवेपुढे 'वारा बघून', आणि बर्फाबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बस स्वित्झर्लंडकडे निघाली. रात्रीत वारा पडला होता, थंडी होती, डोंगर पुन्हा आपल्या जागी लांब जाऊन बसले होते. उजव्या खिडकीतून वर, कड्याच्या समोर, एक छोटा ठिपका सरकताना दिसला. बसमध्ये कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या सीटवरून काका म्हणाले, "चालू झाला बघा."