रसाळगड–सुमारगड–महिपतगड: पाणी घरूनच न्या, ओढ्यांच्या भरवशावर जाऊ नका

‘फेब्रुवारीअखेर ओढ्यांना पाणी असतं, माणशी दोन लिटर बास’ असं कोकणातल्या या तीन किल्ल्यांच्या ट्रेकआधी आमच्या आयोजकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. तुम्हाला कुणी असंच सांगितलं, तर हो म्हणा आणि चार लिटर घ्या. रसाळगड ते सुमारगड या टप्प्यात मोबाईलवरच्या नकाशात निळ्या रेघा दिसतात. त्यातल्या आमच्या वाटेत आल्या तेवढ्या सगळ्या ओलांडल्या, बुटाचा तळ ओला झाला नाही. एका डोहाच्या तळाशी हिरवट चिखल होता, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे आणि ठशांत साचलेलं ओंजळभर पाणी. झालं, एवढाच पाणवठा.

गंमत अशी की याच डोंगरांवरचं पाणी पावसाळ्यात जगबुडी नदीतून रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या बाजारपेठेत शिरतं. जुलै 2021 चा पूर इकडे कुणी विसरलेलं नाही. पण ते पाणी डोंगरात थांबत नाही. हिमालयात बर्फ साठतो आणि उन्हाळ्यात वितळत वितळत ओढे वाहते ठेवतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतार उभे, माती वीतभर, खाली काळा कातळ. सगळं वाशिष्ठी नदीवाटे दाभोळच्या खाडीला जाऊन मिळतं. दिवाळीनंतर झरे आटायला लागतात आणि शिमग्याला वरची गुरंसुद्धा पाण्यासाठी खाली उतरतात. तेव्हा ही वाट करायची तर नोव्हेंबर-डिसेंबरात करा. त्यानंतर जायचंच असेल तर भरवसा फक्त किल्ल्यांवरच्या टाक्यांचा.

रसाळगडाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तिथं काही त्रासच झाला नाही. वाट सोपी, झोलाई देवीचं देऊळ मुक्कामाला छान, टाकी भरलेली, जागोजागी तोफा. पोरंबाळं घेऊन जा. रात्रीच सगळ्या बाटल्या भरून ठेवा आणि उजाडायच्या आत निघा.

खरा छळवाद सुमारगडाचा. रसाळगडाकडून डोंगरधारेने येणारी वाट बरी आहे, फक्त ढोरवाटा इतक्या फुटतात की माहीतगार माणूस नसेल तर अर्धा दिवस रानात जातो. पण गडाच्या कड्याखाली पोचलात की कातळाला बिलगून आडवं जायचं आहे, आणि तिथं पायाखाली नुसता घसारा. सुकं गवत, त्याखाली सुटी माती, त्याखाली गोटे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आधाराला कारवीची झुडपं दिसतात, ती धरू नका. फुलून गेलेली कारवी मरते, उभी दिसते तेवढीच. माझ्या पुढच्या गड्याने एक जाड दांडा धरला तो मुळासकट हातात आला, आणि गडी बसकण मारून चार-पाच हात खाली. पँट फाटली, बाकी निभावलं. कातळाच्या बाजूला झुकून चाला, दोन माणसांत अंतर ठेवा आणि पुढचा थांबल्याशिवाय मागच्याने पाय उचलू नये. ज्यांच्या बुटांचे तळवे गुळगुळीत झालेत त्यांनी रसाळगड बघून घरी जावं. माथ्याच्या अलीकडे कातळटप्पा आहे; दोर न्या. ‘सोप्या श्रेणीचा ट्रेक’ म्हणून हा विकणाऱ्याला एकदा या घसाऱ्यावर दुपारी बारा वाजता उभा करायला हवा.

वर पोचल्यावर मात्र खांबटाकं! कातळात कोरलेलं, आत अंधार, खांबांमधून गार वारा. फडक्याने पाचोळा बाजूला सारून बाटली बुडवली तर हात बधिर झाला. मी तिथंच आडवा झालो आणि वर्षातून एकदा इथं यायचंच असं जाहीर केलं. उतरताना पुन्हा तोच घसारा लागला आणि घोषणा मागे घेतली. सुमारगड आयुष्यात एकदा पुरे, पण एकदा कराच. पाणी तिथं पुन्हा पूर्ण भरून घ्या.

महिपतगडाची वाट दाट झाडीची आणि लांब आहे, अंगातला जीव संपलेला असताना फारच लांब. गड अफाट, माथ्यावरही रान, त्यामुळे मुक्कामाचं पारेश्वराचं देऊळ सापडेस्तोवर अंधार करू नका. सहा दरवाजे आहेत म्हणतात. आम्ही दरवाजे शोधले नाहीत, झोपलो.

आता पैशाचं. खाली दहिवलीकडे उतरल्यावर खेडजवळच्या भरणे नाक्यापर्यंतच्या जीपला फोनवर बाराशे ठरले होते. आमचे चेहरे बघून बावीसशे झाले, कारण काय तर ‘रिकामी यावी लागली’. घासाघीस करून अठराशेवर तुटलं. म्हणून जाताना आणि येताना गाडी एकाचीच ठरवा, रक्कम मेसेजमध्ये लिहून घ्या आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. एसटीचं वेळापत्रक खेड स्टँडवर स्वतः विचारा. शाळेच्या सुट्टीत गावाकडच्या काही फेऱ्या बंद असतात. आणि शेवटचा माणूस उतरून येईपर्यंत जीपवाल्याला फोन लावू नका, तो पोचला की थांबण्याचे पैसे वेगळे मागतो.