यादी खालून वर

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, की प्रसादाच्या रांगेत कोणीतरी मला हळूच बाजूला घेतं. "तुमच्या धाकट्याच्या कॉलेजचं कसं केलंत हो? आमच्या मुलीचा जीपीए तीनच्या आसपासच आहे." गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी आयांनी विचारला, दोन-तीन बाबांनीही विचारला, आणि प्रत्येकाने दबक्या आवाजात. पलीकडे उभ्या असलेल्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ऐकू जातं. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सगळं नीट लिहून काढते.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. मुलगा इथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकला. बारावीत जाताना त्याचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, ४ पैकी ३.१ होता. दहावीत केमिस्ट्रीत सी, बाकी बहुतेक बी, इतिहासात ए. एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्या वेळी ११२० आले. एपीचा, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा, एकच विषय, पर्यावरणाचा. शनिवार-रविवार सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम. स्वभावाने शांत, आणि हातात घेतलेली वस्तू नीट केल्याशिवाय खाली न ठेवणारा.

आमची चूक सुरुवातीलाच झाली. ती आपल्यातल्या पुष्कळांची होते, म्हणून आधी तीच सांगते. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरताना आपण सगळ्यात वर सगळ्यात चांगलं कॉलेज लिहितो. सीओईपी, व्हीजेटीआय, मग बाकीची. त्यात नुकसान काही नसतं. तुमचा मेरिट नंबर जिथे बसेल तिथे ती व्यवस्थाच तुम्हाला नेऊन बसवते. वरून खाली यायचं, आणि कुठेतरी आपल्याला झेललं जाणार याची बऱ्यापैकी खात्री असते. इथे झेलायला कोणी नाही. प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय घेतं, बहुतेक ठिकाणी फी वेगळी, पुष्कळ ठिकाणी जादा निबंध वेगळे, आणि एका निकालाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दहा अर्ज केले आणि दहाही कॉलेजं आवाक्याबाहेरची असली, तर दहाही ठिकाणचे नकार येतात आणि एप्रिलमध्ये मूल रिकाम्या हाताने उभं राहतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळा तपशील. यादी खालून वर करा. सगळ्यात आधी असं कॉलेज शोधा, जे तुमच्या मुलाला जवळजवळ नक्की घेईल, जे तुम्हाला परवडेल, आणि जिथे तो मनापासून जाईल. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी हव्यात. यातली तिसरी सगळ्यात अवघड, कारण ती बरीचशी आपल्यावर, आईबापांवर अवलंबून असते. त्या कॉलेजचं नाव घेताना आपला आवाज उतरला, तर मुलाला तेवढं पुरतं.

आम्ही हे उलटं केलं. तो अकरावीत असताना एप्रिलच्या सुट्टीत त्याला मॅसॅच्युसेट्समधलं एक नामांकित कॉलेज दाखवायला घेऊन गेलो. प्रेरणा मिळेल, असं आमच्या मनात होतं. टूर देणारी मुलगी हुशार आणि गोड होती. ग्रंथालय, लॅब, सगळं डोळे दिपवणारं. परतीच्या वाटेवर दोन तास तो काही बोलला नाही. मग कनेटिकटमध्ये पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाला, "आई, ते मला घेणार नाहीत हे तुला माहीत होतं ना? मग मला का दाखवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या बाबांकडेही नव्हतं. तीनच्या आसपास जीपीए असलेल्या मुलाला आपण कुठे आहोत हे पुरतं ठाऊक असतं. शाळेतल्या जेवणाच्या टेबलावर रोज तेच बोलणं चालतं. त्याला प्रेरणेची गरज नव्हती. कोणीतरी त्याच्या बाजूला बसून त्याच्याच आकड्यांपासून सुरुवात करायला हवी होती.

त्यानंतर आम्ही तेच केलं. शाळेच्या कौन्सेलरनी सुचवलेल्या नावांमध्ये स्टॉक्टन युनिव्हर्सिटी होती, न्यू जर्सीचीच सरकारी, अटलांटिक सिटीच्या अलीकडे गॅलोवे गावात. मी ते नाव तोवर जेमतेम ऐकलं होतं. शिकवणं चालू असलेल्या दिवशी गेलो, मुद्दाम. पाइनलँड्सच्या जंगलात सोळाशे एकरांचा परिसर, पायाखाली वाळू, आणि इमारतींच्या लगत लेक फ्रेड नावाचं तळं. मुख्य इमारतीचे भाग इंग्रजी मुळाक्षरांच्या नावाचे, एकाला एक जोडलेले, आणि त्यांतून जाणारी लांबच लांब गॅलरी. टूर संपल्यावर आम्ही कँटीनमध्ये जेवलो. शेजारच्या टेबलावर पाण्याचे नमुने घेऊन आलेली मुलं बसली होती, चिखलाच्या बुटांनिशी, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. माझ्या मुलाने त्यांना विचारलं, कुठून आणलं? मग अर्धा तास तो त्यांच्याच टेबलावर. घरी येताना गार्डन स्टेट पार्कवेवर तोच बोलत होता.

त्या संध्याकाळी यादीच्या तळाशी पहिलं नाव लिहिलं गेलं. त्याच्यावर मग बाकीची चढली, एकूण आठ. मिळण्याची बरीच शक्यता असलेली चार, आणि वरची तीन, जिथे नकार आला तरी चालेल असं त्याने स्वतःच ठरवलेलं. खाली पाय टेकले होते, म्हणून वरचे नकार त्याला सोसणार होते.

आता थोडा कामाचा तपशील. कॉमन अ‍ॅप, म्हणजे पुष्कळ कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि त्यांत नोकरी आणि घरातल्या जबाबदाऱ्याही लिहिता येतात. हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. दुकानातली शनिवारची पाळी, आजीला दवाखान्यात नेणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं, हे सगळं तिथे हक्काने लिहायचं. मुलाला सात जागा भरता आल्या, आम्ही सातच भरल्या.

२०२०पासून पुष्कळ कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. काही नामवंतांनी ती परत सक्तीची केली आहे, पण आपल्या मुलांच्या यादीतली बरीच कॉलेजं अजून ऐच्छिकवरच आहेत. कॉमन डेटा सेट नावाच्या, कॉलेजच्या आकडेवारीच्या तक्त्यात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्यांचे गुण असतात. मुलाचे गुण त्यांच्या मधल्या पट्ट्यात किंवा वर असतील तर पाठवा, नसतील तर पाठवू नका. अर्ली अ‍ॅक्शन, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळवायची सोय, जिथे असेल तिथे जरूर करा, बहुतेक ठिकाणी मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि त्यात बांधिलकी नसते. अर्ली डिसिजनमध्ये मात्र होकार आला तर तिथेच जायची बांधिलकी असते, आणि आर्थिक मदतीची तुलना करायची संधी हातची जाते. आमच्यासारख्यांनी त्यापासून लांबच राहावं, असं मला ठाम वाटतं.

खासगी सल्लागाराचं विचारता, तर आम्हीही एक केला होता. तिसऱ्या बैठकीत त्याने मुलाला 'स्वतःची संस्था काढ' असं सुचवलं. आम्ही तिथेच थांबलो.

निबंधाचं मात्र जरा सविस्तर सांगते. सप्टेंबरभर तो लिहीत होता आणि खोडत होता. एकात नेतृत्व, एकात भारतभेट, एकात आजीचा मृत्यू. सगळे बरे होते, पण त्याचे वाटत नव्हते. मग एका रविवारी त्याचा सांगलीच्या आजोबांशी फोन चालला होता आणि मी भाजी निवडत ऐकत होते. आजोबांनी विचारलं, दुकानात नेमकं करतोस काय? तो इंग्रजी-मराठी मिसळत सांगू लागला. चाक स्टँडवर चढवायचं, फिरवायचं, रिम कुठे घासते ते बघायचं. घासते त्या बाजूचा एक स्पोक पाव फेरा सैल करायचा, समोरच्या बाजूचा तेवढाच आवळायचा, परत फिरवायचं. घाई करून एकाच स्पोकला जोर दिला तर चाक दुसरीकडे जातं. आजोबा म्हणाले, "म्हणजे तू आउट काढतोस!" सांगलीत त्यांच्या तरुणपणी सायकल मार्टमध्ये हाच शब्द. याला तो शब्द इतका आवडला की फोन ठेवल्यावर त्याने तो वहीत लिहून ठेवला. निबंध त्यावरच झाला. केमिस्ट्रीत सी आल्यावर त्याने अकरावीत काय बदललं, तेही त्यात दोन ओळींत आलं, पाव-पाव फेऱ्याने. मी त्यातलं एकही वाक्य लिहिलं नाही. फक्त वाचून झाल्यावर म्हटलं, हा तू आहेस.

तुम्हीही लिहू नका. मूल बोलत असताना आसपास असा, म्हणजे ते काय सांगतंय ते तुमच्या कानावर पडेल.

पैशांबद्दल ऑगस्टमध्येच मुलासमोर बसून आकडा सांगा. आम्ही वर्षाला किती देऊ शकतो आणि कर्ज किती काढणार नाही, दोन्ही. २००८च्या कायद्याप्रमाणे कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारं साधन, ठेवावं लागतं. यादीतल्या प्रत्येक नावासाठी ते भरून बघा, कारण खासगी कॉलेजची छापील किंमत आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत पुष्कळदा मोठं अंतर असतं, आणि काही छोटी खासगी कॉलेजं ३.०च्या जीपीएलाही गुणवत्ता शिष्यवृत्ती देतात. फाफ्सा हा केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी आहे. मूल एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर केंद्र सरकारची मदत मिळत नाही, तेव्हा प्रत्येक कॉलेजला राज्याबाहेरची फी लागेल का आणि स्वतःची शिष्यवृत्ती मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. आपल्या लोकांत हे बारावीच्या डिसेंबरमध्ये कळून घरं हादरलेली मी पाहिली आहेत.

कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव काढलं की समोरचा चेहरा पडतो. तो पडू नये असं मला फार मनापासून वाटतं. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत. २००७च्या राज्याच्या कायद्यामुळे तिथून एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी घेतली, की सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात क्रेडिट्स धरली जातात आणि मूल तिसऱ्या वर्षाला बसू शकतं. एएएस नावाची तिसरी पदवी या सोयीत येत नाही, तेवढं बघून घ्या, आणि हव्या त्याच कॉलेजात किंवा विषयात जागा मिळेलच असं नसतं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीचाही रस्ता आहे, दोन वर्षं छोट्या कॅम्पसवर आणि पुढची दोन युनिव्हर्सिटी पार्क या मुख्य कॅम्पसला. फक्त त्यांनी सात छोटे कॅम्पस २०२७च्या वसंत सत्रानंतर बंद करायचं ठरवलं आहे, तेव्हा आपला त्यांत नाही ना, हे आधी तपासा.

आणि घरातलं. यादी कोणाला सांगायची हे मुलाने ठरवायचं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डिसेंबरपासून विचारणा सुरू झाली, नंबर कुठे लागला? याच्या बाबांनी एकदाच लिहिलं: "त्याचं ठरलं की तो स्वतः सांगेल. तोवर कृपया विचारू नका." माझ्या जावेला राग आला, महिनाभर राहिला. पण मुलगा त्या रात्री जेवताना बाबांच्या शेजारी येऊन बसला, एरवी तो समोर बसतो.

स्टॉक्टनचं पत्र थँक्सगिव्हिंगच्या आधीच आलं. त्या दिवशी मी पुरण घातलं. हे मी ठरवूनच ठेवलं होतं, की पहिला होकार कुठूनही येवो, पुरणपोळी त्याच दिवशी, वरच्या तिघांची वाट बघत थांबायचं नाही. त्याने आठ खाल्ल्या. मार्चमध्ये वरची तिन्ही गेली. तिसऱ्या नकाराच्या दिवशी तो खोलीत गेला, दार लावलं, आणि तासाभराने सायकल काढून फिरून आला. मी दार वाजवलं नाही. वाजवायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. एप्रिलमध्ये पाच होकार टेबलावर मांडून त्याने फी आणि अंतर लिहून काढलं, आणि १ मेच्या मुदतीच्या आठवडाभर आधी स्टॉक्टनला अनामत भरली. ज्यांचं तेव्हाही जमलेलं नसतं त्यांच्यासाठी अ‍ॅडमिशन कौन्सेलरांची राष्ट्रीय संघटना, एनएसीएसी, मे महिन्यात जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी दरवर्षी असते, आणि तिच्यात चांगली कॉलेजं असतात.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. पर्यावरणशास्त्र घेतलंय. पहिल्या सत्रात केमिस्ट्री परत जड गेली, तेव्हा ट्युटरिंग सेंटरला स्वतः गेला, आम्हाला नंतर कळलं. वसतिगृहातल्या मुलांच्या सायकलींचे आउट काढतो, हाच शब्द तिथे त्याच्या मित्रांच्याही तोंडी बसलाय, असं त्याने आजोबांना सांगितलं.

परवा रांगेत विचारणाऱ्या ताई, तुमच्या मुलीला विचारा, तिची चालत असेल तर यादी मला पाठवा. मी तळाच्या नावापासून वाचायला घेईन.