तुम्ही विचारलंत म्हणून : कंत्राटाचा दर वाढवून कसा मागायचा?

‘वर्ष होत आलं, काम पसंत आहे, पण दर पहिल्या दिवशीचाच. वाढवून कसा मागू?’ पर्वरी, म्हापसा, फोंडा इथे घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची आयटीची कामं कंत्राटावर करणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मागायचं कसं ते सांगतोच, पण त्याआधी किती मागायचं ते बघू. बहुतेकांचा दर मुळातच कमी बांधलेला असतो.

नोकरीत १८ लाखांचं पॅकेज होतं, आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाचे २६१ दिवस होतात, म्हणून दिवसाला साधारण ६,९०० रुपये: हा हिशेब सगळे करतात आणि इथेच फसतात. कंत्राटदाराला न भरलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. त्या २६१ मधून चवथीचे पाच, बाकी सणांचे आठ, आजारपणाचे आठ, रजेचे पंधरा आणि दोन कंत्राटांमधले रिकामे पंचवीस दिवस वजा करा. उरले २०० दिवस. आता खर्चाची बाजू. आरोग्यविमा, लॅपटॉप, सीएची फी, पावसात वीज गेली तरी कॉल तुटू नये म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट, या सगळ्याला वर्षाचे दोन लाख धरू. २० लाख भागिले २०० म्हणजे दिवसाला १०,०००, तासाला १,२५०. आकडे तुमचे घाला, पण रीत हीच ठेवा. हा तुमचा तळाचा दर, याच्याखाली जायचं नाही. मागायचा दर याच्या वर असतो. आणि हा हिशेब स्वतःसाठी आहे, कंपनीला दाखवायचा नाही. तुमचा इन्व्हर्टर हा त्यांचा प्रश्न नाही.

मग त्यांना दाखवायचं काय? माझ्या मते एकच मुद्दा खरा चालतो: ठरलेलं काम आणि आज होत असलेलं काम यांतला फरक. महागाई, घरभाडं, ‘दोन वर्षं झाली’ यांवर समोरचा मॅनेजर सहानुभूती दाखवेल, पण त्याला वर फायनान्सकडे उत्तर द्यायचं असतं आणि सहानुभूती त्या मेलमध्ये लिहिता येत नाही. म्हणून करारासोबतचा एसओडब्ल्यू (स्टेटमेंट ऑफ वर्क, म्हणजे ठरलेल्या कामाची यादी) काढून समोर ठेवा. त्यात लिहिलेलं असतं, ‘बॅकएंड डेव्हलपमेंट’. आज तुम्ही कोड लिहिता, दोन नव्या मुलांचे कोड रिव्ह्यू करता, डिप्लॉयमेंट सांभाळता आणि महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे अवेळी बिघाड झाला तरी धावून जायला तयार, असता. ही वाढ कोणी ठरवून केलेली नसते. एकेक करून ती येते आणि मुकाट्याने स्वीकारली जाते.

यासाठी दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून नोंद ठेवा. नोंद मोजता येईल अशी हवी. ‘परफॉर्मन्स सुधारला’ याला काही किंमत नाही. ‘रात्रीची बॅच ४ तास १० मिनिटं चालायची, इंडेक्स बदलून ५५ मिनिटांवर आणली, सकाळचा रिपोर्ट आता ९ च्या आत जातो’ अशी ओळ मॅनेजर जशीच्या तशी वर पाठवू शकतो. अशा सात-आठ ओळी पुरतात.

वेळ चुकली तर सगळं वाया जातं. पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीने मुदत आणि दर लिहून दिलेली ऑर्डर) संपायला आठवडा उरला असताना मागितलं, तर नूतनीकरणाचा कागद जुन्याच दराने मंजूर होऊन गेलेला असतो. मुदत संपायच्या ४५ ते ६० दिवस आधी विषय काढा. रिलीजच्या धावपळीत कधीच काढू नका, ती अडवणूक वाटते आणि लक्षात राहते. मध्ये कंपनीला कंत्राटी माणसं पुरवणारी एजन्सी असेल तर आधी तिच्याशीच बोला. कंपनी एजन्सीला जो दर देते तो आणि तुमच्या हाती येतो तो वेगळा असतो. पीओ चालू असताना एजन्सी वाढ देईल ती स्वतःच्या मार्जिनमधून, म्हणजे थोडीच. खरी वाढ नूतनीकरणालाच मिळते. एजन्सीला वगळून थेट कंपनीकडे जाण्याआधी करारातलं त्यासंबंधीचं कलम नीट वाचा.

मेल छोटा असावा. ‘पुढील सहा महिन्यांसाठी माझा दर १ तारखेपासून दिवसाला ११,५०० रुपये अधिक जीएसटी असा प्रस्तावित करत आहे. मूळ करारात नसलेली, सध्या माझ्याकडे असलेली कामं खाली दिली आहेत. या आठवड्यात वीस मिनिटं बोलू या का?’ एवढंच. आकडा एकच लिहायचा. ‘११ ते १२’ लिहिलं की ११ वर शिक्कामोर्तब झालंच. कॉलवरही आकडा सांगून थांबा. घाईने ‘पण थोडं कमी-जास्त होईल’ असं आपणच म्हणून टाकतो, आणि तिथेच पाचशे रुपये जातात.

दोन उत्तरं तयार ठेवा. पहिलं, ‘गोव्यात राहता, तिथे खर्च कमी’ याला. पणजी-पर्वरीच्या भाड्यांवर वाद घालत बसू नका. ‘काम तेच आहे, त्या कामाचा हा दर आहे’ इतकं म्हणून विषय कामावर आणा. दुसरं, ‘बजेट नाही’ याला. जुना दर १०,००० धरला, तर १,५०० ची वाढ सहा महिन्यांच्या १०० दिवसांत दीड लाख होते. तुमच्या जागी नवा माणूस आणला आणि त्याला कोड समजून घ्यायला वीस दिवस लागले, तर जुन्याच दराने दोन लाख जातात, शिवाय शिकवणाऱ्याचा वेळ वेगळा. हे धमकीच्या सुरात बोलायचं नाही, हिशेब म्हणून मांडायचं. हाती नसलेली दुसरी ऑफर आहे असं तर अजिबात सांगू नका. ‘मग ती घ्या’ म्हणाले की परतीची वाट नाही.

पूर्ण आकडा नाही मिळाला तर बाकीचं मागा: महिन्याला किमान १८ दिवसांचं बिलिंग, ऑन-कॉल आठवड्याचे वेगळे पैसे, दोन्ही बाजूंना सारखाच ३० दिवसांचा नोटीस पीरियड, किंवा बिल १५ दिवसांत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती करून ठेवा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे नेणारी अट एमएसएमई कायद्यात टिकत नाही. असं बिल मुदतीबाहेर गेलं, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा धरता येत नाही, म्हणून त्यांचा अकाउंट्स विभागही हे गंभीरपणे घेतो.

आता करांचा एक सापळा. दर वाढला की वर्षाची उलाढाल सहज २० लाखांच्या पुढे जाते, आणि सेवा देणाऱ्याला तिथे जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. करारात ‘सर्व करांसह १०,०००’ असेल तर १८ टक्के त्यातूनच जातात आणि हाती ८,४७५ राहतात. सगळी मेहनत करून दर उलट उतरला! म्हणून दरासमोर ‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द हवेतच. कंपनी नोंदणीकृत असेल तर तिला सहसा तेवढं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती रक्कम स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येते, त्यामुळे ती खळखळ करत नाही. गोव्यातून कर्नाटकातल्या कंपनीला बिल असेल तर त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावायचा. बिलात जीएसटीची ओळ वेगळी दाखवा, म्हणजे टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो.

होकार कॉलवर मिळाला तर त्याच दिवशी मेल करा: नवा दर, लागू होण्याची तारीख, ‘अधिक जीएसटी’. त्यानंतर सुधारित पीओ मागा आणि पहिलं बिल करण्याआधी त्यातला दर वाचा. मॅनेजर हो म्हणतो, पण सिस्टीममध्ये जुनाच दर राहतो, बिल परत येतं, आणि मागच्या तारखेपासून फरक मिळवताना दोन महिने निघून जातात. सुधारित पीओ येईपर्यंत बिल थांबवलं तरी चालेल, जुन्या दराने मात्र पाठवू नका.