पोटावरची तपकिरी जाळी

पुण्याच्या पश्चिम भागातील एका खाजगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मी गेली ११ वर्षे काम करते आहे. गेल्या जुलैमधील एका पहाटे साडेतीनच्या सुमारास वाकडहून २६ वर्षांच्या एका तरुणाला त्याच्या आईने रिक्षातून आणले, तेव्हा केसपेपरवर 'उलट्या, पोटदुखी, दोन दिवस' एवढेच लिहिले गेले. तो हिंजवडीला नोकरीत होता. आठ महिन्यांतली ही पाचवी खेप असल्यामुळे आई इस्लामपूरचे घर बंद करून त्याच्याकडे राहायला आली होती. तिच्या पिशवीतील फाइलमध्ये दोन एन्डोस्कोप्या, एक सीटी स्कॅन आणि तीन सोनोग्राफ्या होत्या आणि सगळ्या निर्दोष होत्या. एका ठिकाणी तर पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. पित्ताशयात खडा मात्र एकही नव्हता.

रक्तातील पोटॅशियम २.९ आणि क्रिएटिनिन २.१ आले, म्हणजे शरीर इतके सुकले होते की मूत्रपिंडांनाही त्याची झळ बसू लागली होती. सलाइन सुरू केले, ऑन्डानसेट्रॉनचे इंजेक्शन दोनदा दिले, तरी उलट्या थांबेनात. स्वादुपिंडाची सूज नव्हती, साखर व्यवस्थित होती. दारू, सिगारेट, गांजा यांपैकी काही घेतोस का, हा ठरलेला प्रश्न मी ठरलेल्या सुरात विचारला, त्याने तिन्हींना 'नाही' म्हटले आणि मी ते लिहून मोकळी झाले.

पाच वाजता त्याचा पलंग रिकामा दिसला. सिस्टरना तो कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघरात सापडला: गीझर लावून, सलाइनची बाटली एका हाताने उंच धरून, कढत पाण्याच्या धारेखाली फरशीवर बसलेला. सिस्टर त्याला रागावत होत्या आणि तो डोळे मिटून शांत बसला होता. रात्रभरात प्रथमच त्याला उमासे येत नव्हते.

"घरीपण हेच चालतं, डॉक्टर," आई म्हणाली. "दिवसातनं सहा-सात वेळा अंघोळ. गीझर बंद म्हणून नाही. आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी पोटावर."

मी त्याचा शर्ट पुन्हा वर केला. बेंबीच्या वरच्या भागात कातडीवर तपकिरी रेषांची जाळी उमटली होती. ती मी तासाभरापूर्वीही पाहिली होती आणि काहीतरी जुने त्वचेचे दुखणे असेल म्हणून सोडून दिली होती. थंडीत शेगडीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर अशीच जाळी दिसते. रोजच्या रोज एकाच जागी शेक बसला की कातडी तशी खूण धरते. एवढ्या तरण्या मुलाच्या पोटावर ती का असावी, हा प्रश्न मला पहिल्याच तपासणीत पडायला हवा होता.

वारंवार उलट्या आणि कढत पाण्याच्या अंघोळीनेच मिळणारा आराम, ही जोडी वैद्यकीय साहित्यात प्रथम २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी मांडली. तिचे कारण दीर्घकाळ चाललेले गांजाचे सेवन हे होते. पण या मुलाने तर 'नाही' म्हटले होते. मी पडदा ओढून घेतला, आईला बाहेर बसवले आणि प्रश्न बदलला: गांजा ओढत नाहीस हे मान्य, पण गांजापासून बनवलेले दुसरे काही घेतोस का?

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "गांजा नाही, मॅडम. वॅक्स घेतो. दीड वर्ष झालं."

तो खोटे बोलला नव्हता. त्याच्या लेखी गांजा म्हणजे पुडी, चिलीम, धूर आणि वास. तो जे घेत होता ते अंगठ्याएवढ्या सिलिकॉनच्या डबीत मावत होते. ती डबी नंतर त्याच्याच संमतीने आईने पिशवीतून काढली. मधाच्या रंगाचा चिकट गोळा होता, झाकण उघडताच त्याला तार सुटली, आणि वास आला तो लिंबाच्या सालीसारखा. "हे शिलाजीत आहे म्हणून सांगत होता मला," आई म्हणाली. डबीचे पुढे काय करायचे ते प्रशासनाने नियमानुसार पाहिले. तो भाग माझ्याकडे नव्हता.

आईला हे समजावून सांगणे मला अवघड जाईल असे वाटले होते, पण ऊसपट्ट्यातील बाईला ते एका दाखल्यात कळले. उसाच्या रसाची काकवी होते, गूळ होतो, खडीसाखरही होते. नावे रूपावरून पडतात, मूळ गोडवा एकच. गांजाच्या मादी फुलांवर बारीक केसांच्या टोकाशी राळेचे थेंब असतात आणि नशा आणणारे टीएचसी मुख्यतः त्यांतच असते. हाताने चोळून ती राळ काढली की चरस. द्रावकाने ओढून घेऊन द्रावक उडवले की हे नवे अर्क: काचेसारखा कडक तो शॅटर, मेणासारखा मऊ तो वॅक्स. द्रावक न वापरता उष्णता व दाब देऊन काढतात तो रॉसिन. फुलोऱ्यात टीएचसी साधारणपणे ५ ते २० टक्के असते, तर या अर्कांत ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. तापवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा टेकवून त्याची वाफ एका दमात ओढतात.

"पण शेवटी भांगच ना?" तिने विचारले. कायद्याच्याही दृष्टीने नव्हे, हे मला सांगावे लागले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने, म्हणजे भांग, येत नाहीत. चरसाच्या व्याख्येत मात्र राळेचे संहत रूप आणि तेल स्पष्ट शब्दांत येते.

लघवीच्या चाचणीची पट्टी टीएचसीसाठी सकारात्मक आली. ही पट्टी फक्त हो किंवा नाही सांगते. पाने, फूल की अर्क, आणि किती, हे तिला कळत नाही. ते विचारूनच काढावे लागते.

ईसीजी पाहून, पोटॅशियम भरून काढून मगच मी उलट्यांवर हॅलोपेरिडॉल दिले, कारण पोटॅशियम कमी असताना हे औषध हृदयाची लय बिघडवू शकते. पोटावर मिरचीतील कॅप्सेसिनचे मलम लावले. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा शरीरात एकाच ग्राहकावर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनावर, काम करतात. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कढत पाण्याखाली बसून तो मुलगा न कळता तेच बटण दाबत होता. दुपारी त्याने अर्धा पेला ताक प्यायले आणि ते पोटात राहिले.

त्याला सगळ्यात पटत नव्हते ते एकच. टीएचसीने उलट्या थांबतात, असे त्याने वाचले होते, आणि ते खरेही आहे. अमेरिकेत कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसीला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून मळमळ सुरू झाली की तो जास्त घ्यायचा. हा पदार्थ चरबीत साठतो, दीर्घ सेवनानंतर शरीरातून पुरता जायला आठवडे लागतात, आणि म्हणून चार दिवस सोडून बघितल्याने काही सिद्ध होत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितले. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता लिहून दिला. तो आईने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

सहा आठवड्यांनी तो तपासणीला आला. वजन चार किलोने वाढले होते, अंघोळ दिवसातून एकदा. पोटावरची जाळी फिकट झाली होती, गेली नव्हती. आई बाहेर औषधांच्या रांगेत असताना त्याने विचारले की, महिन्यातून एखादे वेळी, अगदी थोडेसे चालेल का. मी नाही म्हटले. तो काही बोलला नाही. कंपनीत द्यायला रजेचा दाखला हवा होता, त्यावर आजाराचे नाव नको, फक्त पोटाचा विकार लिहा, एवढे म्हणाला. मी तसे लिहून दिले.