एमएसडब्ल्यू रेग्युलर करू की डिस्टन्स? आधी सांगा, तुमचा रिपोर्ट कोण वाचणार

पदवीचे निकाल लागायला लागले की दरवर्षी माझ्या फोनवर तोच मेसेज येतो. ताई एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) करायचंय, रेग्युलर करू का बाहेरून, आणि त्याच्याच खाली, घरचे म्हणतायत बाहेरून कर म्हणजे सोबत नोकरी पण होईल. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकते, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवीन.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्टन्सची डिग्री "चालत नाही" हे जे गावात प्रत्येक काका सांगत असतात ते खरं नाहीये. विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे 2020 चे ओपन आणि डिस्टन्स लर्निंगचे नियम आहेत, त्यानुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री ही रेग्युलरच्या बरोबरीचीच धरायची असते, आणि 2022 मध्ये यूजीसीने हे परत एकदा जाहीर करून सांगितलंय. फक्त मान्यता त्या विद्यापीठाला, त्या कोर्सला आणि त्या वर्षाला आहे का हे यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाइटवर स्वतः बघायचं, एजंटाच्या तोंडावर जायचं नाही. हल्ली डिस्टन्सला प्रवेश घ्यायचा तर डीईबी आयडी पण काढावा लागतो. स्टँडजवळ "एका वर्षात मास्टर डिग्री, परीक्षेची गॅरंटी" असले फ्लेक्स लागलेले असतात ना, तिथनं नुसतं पुढं चालत राहायचं.

तर मुद्दा डिग्री चालते का हा नाहीच. मुद्दा फील्डवर्कचा आहे.

एमएसडब्ल्यूची थिअरी, खरं सांगू का, घरी बसून वाचता येते. केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन, रिसर्च, सगळ्याच्या नोट्स मिळतात. पण आठवड्यातले साधारण दोन दिवस एखाद्या संस्थेत, हॉस्पिटलात नाहीतर वस्तीत जायचं, आल्यावर रिपोर्ट लिहायचा, मग सुपरवायझरसमोर बसायचं आणि तो रिपोर्ट ओळ न ओळ उसवून घ्यायचा, ह्याला आम्ही आयसी म्हणायचो, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. अर्धं शिक्षण त्या खुर्चीत होतं. उरलेलं जीसीत, म्हणजे ग्रुप कॉन्फरन्सला, दुसऱ्याचं उसवताना बघून.

एक उदाहरण देते. आमच्या बॅचमधल्या एकाला फील्डवर्कला कारखान्याजवळचा ऊसतोड मजुरांचा तळ मिळाला होता. सांगली जिल्ह्यात दिवाळीच्या पुढेमागे कुठल्याही कारखान्याच्या आसपास बघा, बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर सुटका नाही. हा गडी सकाळी दहाला बॅग घेऊन जायचा आणि तळ रिकामा! कारण माणसं पहाटे अंधारातच फडात गेलेली. कोपीत कोण, तर दहा-अकरा वर्षाची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ, एका हातानं चुलीत पाचट सारतीये. ह्यानं तिच्याशी गप्पा मारल्या, नाव विचारलं, इयत्ता विचारली आणि रिपोर्टला लिहिलं की मुलीला शाळेचं महत्त्व सांगितलं. सुपरवायझर मॅडमनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "ती शाळेत गेली तर त्या धाकट्याला कोण बघणार रे? आईला विचारलंस?"

आईला विचारायचं म्हणजे अंधार पडल्यावर जायला हवं. मग तो संध्याकाळी जायला लागला, मुकादमाशी बोलायला लागला, साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांची शाळा, कुठं चालते, लहान पोरांना तिथं घेतात का ह्याची चौकशी करायला लागला. त्या एका प्रश्नानं त्याचं पूर्ण सेमिस्टर बदललं. हा प्रश्न यूट्यूबच्या लेक्चरमधून येत नाही, तुमचाच कागद वाचून कोणीतरी विचारावा लागतो.

म्हणून मी सगळ्यांना हेच विचारते की तुमचा रिपोर्ट कोण वाचणार आहे, नाव सांगा. ते नाव ज्या फॉरमॅटमध्ये पक्कं मिळेल तो फॉरमॅट घ्या.

ज्यांनी आत्ताच बीए बीकॉम केलंय आणि कुठल्या संस्थेत कामाचा अनुभव नाही त्यांनी माझ्या मते रेग्युलरच करावं, शक्य असेल तर. आपल्या भागात काही लांब जायला नको, साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, कोल्हापूरला सायबर कॉलेज आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. मी मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं अप-डाऊन करत केलंय, जर्नल गाडीतच लिहायचे, अक्षर बघून मॅडमना कळायचं की हे जयसिंगपूरच्या आधी लिहिलंय का नंतर. आता तर मुलींना एसटीला अर्धं तिकीट आहे, 2023 पासून, त्यामुळं घरी भाड्याचं कारण सांगत असतील तर हे सांगा. आणि स्कॉलरशिपमध्ये बसत असाल तर महाडीबीटीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात विचारून वेळेत भरा.

पण सगळ्यांना दोन वर्षं नोकरी सोडून बसणं परवडत नाही, हे मला कळतं. माझी मामेबहीण तासगाव तालुक्यात एका संस्थेत काम करते, तिच्या पगारावर घर चालतं, तिला मी रेग्युलर कर म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार. तिनं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ घेतलं. किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, म्हणजे एखादं वर्ष घरात लग्न निघालं, आजारपण आलं तर जीव धरून राहता येतं. असाइनमेंटला 30 टक्के, परीक्षेला 70. फील्डवर्क तिथंही आहेच, हे कित्येकांना माहितीच नसतं, पुस्तकं घरी येणार आणि परीक्षा देऊन मोकळं असं वाटतं. आणि एक अडचण आधीच सांगते, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत पेपर लिहायची सवय असेल तर हे जड जातं, तिलाही गेलं, ती हिंदीत लिहिते आणि मधेच "आहे" लिहून खोडते. शिवाय इग्नूच्या प्रत्येक अभ्यासकेंद्रावर एमएसडब्ल्यू नसतं, फॉर्म भरतानाच आपल्याला कुठलं केंद्र पडतंय ते बघा नाहीतर फील्डवर्कच्या सहीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात चकरा.

तिचं चांगलं चाललंय कारण तिला माणूस भेटला. सिव्हिलमधून रिटायर झालेल्या एक सोशल वर्कर बाई, रविवारी सकाळी घरी बोलावतात, रिपोर्ट वाचतात, चहा देतात आणि झाडतात. तिच्याच ओळखीतला दुसरा एकजण त्याच कोर्सला आहे, तो स्वतःच्या नोकरीचंच काम फील्डवर्क म्हणून लिहितो आणि सही घेऊन मोकळा होतो. दोघांना डिग्री एकच मिळणार, कागदावर काहीच फरक दिसणार नाही, आणि मला तरी ह्याचा राग येतो.

राग येण्याचं कारण म्हणजे आपल्याकडं ह्याला आवर घालणारं कोणी नाहीये. वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सना नर्सिंग कौन्सिल आहे, सगळ्या सोशल वर्कला मिळून तशी वैधानिक कौन्सिल अजून नाही. अमेरिकेत पूर्ण ऑनलाइन एमएसडब्ल्यू केलं तरी किमान 900 तास फील्ड भरावंच लागतं, तिथल्या कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशनची ती अट आहे, त्याशिवाय कोर्सला मान्यताच नाही. आपल्याकडं तुमचे तास तुमच्या कॉलेजच्या, नाहीतर तुमच्याच प्रामाणिकपणावर.

पुढं काय करायचंय ते पण आधी बघा बरं का. सायकियाट्रिक सोशल वर्कर व्हायचं असेल तर 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातली व्याख्याच वाचा, एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लिहिलंय, देखरेखीखालच्या क्लिनिकल ट्रेनिंगसकट, तिथं बाहेरून बिहेरून काही नाही. कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर व्हायचंय, कुपवाड एमआयडीसीकडं डोळा आहे, तर ठरावीक संख्येच्या वर कामगार असतील तिथं कायद्यानं हे पद लागतं, पण पात्रता राज्याच्या नियमात असते, आपली डिग्री त्यात बसते का हे प्रवेशाआधी विचारा, नंतर नाही. काउन्सेलरच्या जागांच्या जाहिराती निघतात त्यातल्या दोन-तीन जुन्या काढून शिक्षणाचा आणि अनुभवाचा रकाना नीट वाचा, बऱ्याच गोष्टी तिथंच कळतात.

काही जण कर्मवीर अण्णांचं नाव काढतात, कमवा आणि शिका आमच्या मातीतच आहे म्हणतात. आहेच की. पण अण्णांच्या त्या योजनेत पोरं कॉलेजातच असायची, मास्तर समोर असायचे, काम आणि शिक्षण एकाच आवारात. नोकरी सांभाळून रात्री मोबाईलवर पीडीएफ वाचणं वेगळं, त्यात मास्तर तुम्हालाच शोधून आणावा लागतो.

तर डिस्टन्स करणाऱ्यांनी फॉर्म भरायच्या आधी दोन कामं करा. एक, ज्या संस्थेत फील्डवर्क करणार तिच्याकडून लेखी होकार घ्या, आणि शक्यतो ती तुमची नोकरीची संस्था नको. दुसरं, सुपरवायझर म्हणून जे कोणी असतील त्यांना स्पष्ट विचारा की महिन्यातून कितीदा भेटाल आणि रिपोर्ट वाचून परत कधी द्याल. "बघू की, या कधी पण" असं उत्तर आलं तर ह्या खेपेला थांबा, इग्नूचे प्रवेश जानेवारीत आणि जुलैत असे दोनदा निघतात, सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.