आयता खर्ज

दहावीच्या सुट्टीत माझा आवाज उतरला तो उतरलाच. फोनवर लोक मला बाबा समजायचे, आणि नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत यम, राक्षस नि दवंडीवाला ही कामं न विचारता माझ्या गळ्यात पडायची. गाणं मात्र अडायचं. क्लासमधली सगळी मुलं काळी एक या पट्टीत गायची आणि माझा तिथला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, नुसती ओरड. शेवटी गुरुजींनी पेटीवर एकेक पट्टी उतरवत मला खालच्या काळी पाचवर आणून सोडलं. "तुझं घर इथं आहे," म्हणाले, "पण तानपुरा इतका उतरवला की तारा लुळ्या पडतात, जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणक, बोलत नाही. जाड तारा चढवाव्या लागतील." त्या त्यांनीच चढवल्या. विशारदपर्यंत मी त्यांच्याकडेच होतो.

पाश्चात्त्य गाण्याकडे वळलो ते नोकरी लागल्यावर. ऑफिसातला एक मित्र चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गायचा आणि त्यांना बेस, म्हणजे पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज, मिळत नव्हता. हे दुखणं सगळीकडचंच आहे. बायकांतले उंच आवाजाचे सोप्रानो उदंड, पुरुषांतले उंच आवाजाचे टेनर कसेबसे, आणि खरा बेस एखादाच. बाकीचे मधल्या आवाजाचे बॅरिटोन ओढूनताणून खाली गात असतात. पहिल्याच तालमीत मी खालचा एफ हा पाश्चात्त्य सूर लावला तेव्हा पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. मला त्यात काही नवल नव्हतं. काळी पाचला सा धरला की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, हाच एफ, साधारण ८७ हर्ट्झचा. मोझार्टच्या १७९१ सालच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरात झारास्ट्रो नावाचा धर्मगुरू जिथपर्यंत खाली उतरतो, तो सूरही हाच. खर्जाच्या रियाजात मी तो कित्येक वर्षं घोटला होता.

मित्रानंच पाश्चात्त्य गाणं शिकवणाऱ्या बांद्र्याच्या मिसचा पत्ता दिला. खालचे सूर ऐकून त्या खूश होतील अशी माझी खात्री होती. त्यांनी एकदाच ऐकले, "हे तुला देवानं दिलंय, त्याचे मी पैसे घेणार नाही," म्हणाल्या, आणि पियानोवर मधल्या सीकडे गेल्या. नंतरची कित्येक वर्षं आम्ही त्याच्याच आसपास होतो.

बेस म्हटलं की लोकांना वाटतं, किती खाली जातो ते महत्त्वाचं. पण बेससाठी लिहिलेली गाणी वरच्या ईपर्यंत सर्रास चढतात. खरी परीक्षा असते ती मधल्या सीच्या आगेमागे, जिथं छातीचा जड आवाज तसाच रेटला तर फाटतो आणि एकदम हलका केला तर पोकळ होतो. मिस मला तिथं 'आ' किंचित 'ऑ'कडे झुकवायला लावायच्या, स्वरयंत्र वर चढू द्यायच्या नाहीत, आणि एका हातानं माझी हनुवटी हलवून जबडा सैल आहे का बघायच्या. इकडे गुरुजी वैतागायचे. "'आ'कार झाकतोयस तू. ख्यालात हे चालायचं नाही." त्यांचं बरोबरच होतं. तो झाकलेला 'आ'कार मी ख्यालात कधी आणला नाही. सैल जबडा आणि दमसास मात्र दोन्हीकडे कामाला आला.

मग एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची आठवी ग्रेड. तिला बसायचं तर आधी पाचवीची थिअरी लागते, म्हणून ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये गुडघ्यावर वही ठेवून स्टाफ नोटेशन गिरवलं. परीक्षा १५० गुणांची, १०० ला पास. तीन गाणी पियानोच्या साथीनं, शिवाय न पाहिलेलं नोटेशन वाचून गाणं, कानाची परीक्षा आणि साथीशिवाय एक पारंपरिक गीत. या शेवटच्यासाठी मी अभंग योजला होता. मिसनी नियम दाखवला: रचनाकार अज्ञात हवा, गाणं पिढ्यानपिढ्या तोंडी आलेलं हवं. म्हणजे तुकोबा बाद! शेवटी आजीची जात्यावरची ओवी गायलो. बायकांनी पहाटे दळताना म्हणायची ओवी आणि हा असा ढोलासारखा आवाज. तालमीत मलाच हसू यायचं.

मोठं गाणं होतं हँडलच्या 'मसाया' या धार्मिक संगीतरचनेतलं, रणशिंगाचं. ते ईपर्यंत जातं, म्हणजे माझ्या पट्टीत तार तीव्र मध्यम. वेळ दुपारची मिळाली हे बरंच झालं. रात्रभराच्या विश्रांतीनं स्वरतंतू थोडे सुजलेले असतात, त्यामुळे सकाळी खालचे सूर आयतेच लागतात नि वरचे रुसतात. सकाळच्या खर्जावर कुणी भाळू नये. परीक्षा मेरिटमध्ये सुटली. गुण वाचून नव्हे तर ई न ओरडता लागला हे ऐकून मिस खूश झाल्या.

पुढचं झटपट सांगतो. डिसेंबरात 'मसाया', मधूनमधून चर्चमधल्या लग्नांत गाणं, थोडं डबिंग. निव्वळ बेस गायक म्हणून मुंबईत घर चालत नाही. बेसचा आवाज पिकतोही उशिरा, तिशी उलटल्यावर, तोवर ईएमआय थांबत नाही. घर चाललं ते शिकवण्यावर. चरईतल्या भाड्याच्या खोलीत माझ्याकडे क्वायरवाले येतात, नाट्यसंगीतवाले येतात, एक कीर्तनकारही येतात, कारण सप्ताहात त्यांचा घसा तिसऱ्या दिवशी बसायचा.

सगळ्यात जास्त येतात ते आवाज फुटलेल्या मुलांचे आईबाप. मागच्याच आठवड्यात कोपरीहून एक ताई आल्या. मुलगा चौदाचा, काल-परवापर्यंत स्पर्धेत बक्षिसं घेणारा, आता तोंड उघडत नव्हता.

"सर, याचा गळा बिघडलाय. डॉक्टर म्हणतात काही नाही."

"काहीच नाही. या वयात स्वरतंतू भराभर लांब नि जाड होतात. त्यालाच अजून अंदाज आलेला नाही."

मी त्याला पेटीवर सूर देत गेलो. बोलण्याच्या उंचीवरचे पाच-सहा सूर स्वच्छ निघाले. वर गेला की चिरकत होता. तेवढेच सूर, हळू आवाजात, रोज, असं ठरलं. जुन्या पट्टीला हात लावायचा नाही, स्पर्धा वर्षभर बंद.

"पण गांधर्वच्या नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय हो."

"बसू दे की. पट्टी बदलून बसेल."

"कुठली पट्टी सांगू क्लासमध्ये?"

"ते नोव्हेंबरातच कळेल, ताई."