जुना गॅस गिझर सारखा विझत होता: माझा अनुभव

‘मॉडेल जुनं झालंय, आता नवाच घ्या.’ साताऱ्यातल्या सर्व्हिस सेंटरकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की अजून आठवलं तरी संताप होतो. गिझर धडधाकट होता!

लक्षण असं: नळ सोडला की टकटक स्पार्क पडायचा, आच पेटायची आणि पाणी कोमट होतंय तोवर बंद. परत टकटक, परत बंद. ऐन थंडीत, सासूबाई अंघोळीला बसलेल्या असताना.

सेल नवे घातले. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. स्पार्क पडतो म्हणजे सेल चांगले, असं समजू नका. गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायलाही त्यांचीच वीज लागते. फरक पडला नाही. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुतली, रेती निघाली. तरीही तेच. आच गेल्यावरसुद्धा पाण्याची धार तेवढीच जोरात होती, म्हणजे दोष दाबाचा नव्हता.

हे सगळं मी फोनवर नीट सांगितलं. उत्तर आलं, ‘टाकी उंच करून घ्या.’ तक्रार नोंदवली, ‘उद्या माणूस येईल’ म्हणाले. मी कामं सोडून घरी थांबले. माणूस आला नाही, मेसेज आला: तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणी केलं निवारण? परत फोन, परत नवा नंबर, परत पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी एक मुलगा आला. कव्हरला हातसुद्धा न लावता म्हणाला, ‘बोर्ड गेलाय.’ बोर्ड म्हणजे स्पार्क आणि गॅस सांभाळणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. बोर्ड पुण्याहून येणार होता. रोज विचारायचं, रोज ‘पाठवलाय’. आणि मग एके दिवशी, ‘मॅडम, त्या मॉडेलचे पार्ट बंद झालेत.’ हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? तोवर आम्ही गॅसवर पातेल्यांनी पाणी तापवत होतो.

मग पोवई नाक्याजवळ शेगड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी नळ सोडून आच बघितली. ‘वहिनी, आच पिवळी हाय. निळी पायजे.’ रेग्युलेटर बंद करून कव्हर काढलं. बर्नरमध्ये धूळ आणि कोळिष्टकं. त्यामुळे गॅसला हवा पुरत नव्हती, आच पिवळी होऊन काजळी धरत होती. बर्नरपाशी दोन काड्या असतात: एक स्पार्कची, दुसरी आचेत राहणारी, सेन्सरची. आच आहे की नाही हे बोर्डाला ही दुसरी काडी कळवते. ती काळी ठिक्कर पडली होती. आच जळतेय हे बोर्डाला कळतच नव्हतं, म्हणून तो गॅस तोडत होता. म्हणजे बोर्ड त्याचं काम चोख करत होता! मेस्त्रींनी बर्नर ब्रशनं साफ केला, काडी पॉलिश पेपरनं घासली, तिच्या वायरचं टोक घट्ट बसवलं. आच निळी झाली आणि टिकली. त्यांची मजुरी त्या व्हिजिट चार्जपेक्षा कमी होती. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

एक राहिलं: बऱ्याच मॉडेलांत 20 मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तेवढ्या वेळानं बंद होत असेल तर तो बिघाड नाही.

पिवळी आच मात्र नुसती दुरुस्तीची बाब नाही. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. गिझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढून घ्या. आमचा आधीपासून गॅलरीत आहे. आतला बर्नर स्वतः उघडू नका. नारंगी सुरक्षा पाइपवरची तारीखही बघा, पाच वर्षांनी तो बदलायचा असतो. गॅसचा वास आला तर 1906 वर फोन करा.

आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस आलाच, तर कव्हर उघडून काय काय तपासलं ते जॉब शीटवर लिहून घ्या. पैसे त्यानंतर.